तेवीस किलोचं धनुष्य

माझ्या घरमालकांनी शिकारीच्या धनुष्याचं वजन विमान कंपनीच्या सामानाच्या नियमावरून ठरवलं होतं. हे कोणालाही सांगितलं की समोरचा "म्हणजे?" असं विचारतो आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. एकदा लिहून काढलं म्हणजे मी सुटले.

पुण्याहून फेल्डहोवन या डच गावात नोकरीसाठी आले तेव्हा पहिली दोन वर्षं मी त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत राहत होते. गावातली निम्मी मराठी मंडळी त्यांना काका म्हणायची आणि उरलेली निम्मी त्यांना टाळायची. टाळायचं कारण त्यांच्या खिशात असायचं. बॅगा तोलायचा तो हातातला छोटा काटा आपल्या प्रत्येकाच्या घरी असतो, वर मूठ, खाली हूक आणि मध्ये आकडे. बाकीचे लोक तो वर्षातून एकदा, भारतात जायच्या आदल्या दिवशी, कपाट उपसून शोधतात. काका तो रोज वापरायचे. माझी ऑफिसची सॅक, काकूंची भाजीची पिशवी, शेजारच्या बाईंचं मांजर. मांजर पिशवीत घालून आणि बाईंच्या परवानगीने तोललं होतं. मांजराला कोणी विचारलं नव्हतं. एकदा मी पावसात सायकलवरून भिजून आले तेव्हा त्यांनी दारातच माझा कोट हुकाला लावला, आणि दुसऱ्या दिवशी वाळल्यावर पुन्हा लावला.

"साडेसहाशे ग्रॅम पाणी घेऊन आलीस तू घरात," ते म्हणाले. त्यात माझ्या सर्दीची चौकशी कुठेच नव्हती.

'अंदाज म्हणजे आळस' हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. काकूंनी मुठीने तांदूळ घेतले की ते स्वयंपाकघराच्या दारातून हे वाक्य टाकायचे, आणि काकू "मग करा तुम्हीच" म्हणाल्या की निघून जायचे. काट्याची बॅटरी ते दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचे. ती संपलेली असो वा नसो. जुन्या बॅटऱ्या एका बरणीत साठवायचे आणि बरणी भरली की सुपरमार्केटच्या दाराशी असलेल्या डब्यात टाकून यायचे. मी एकदा म्हटलं, "काका, चांगली चालतेय की अजून." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कालचं इंजेक्शन आज पुन्हा वापरायला सांगत होते.

आमच्या गावात मशिनं बनवणाऱ्या ज्या कंपनीत मी होते त्याच कंपनीत तेही होते, पण दुसऱ्या इमारतीत. त्यांचं काम मोजमापाचं. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातला एक भाग इकडे आहे की तिकडे, हे ते दिवसभर बघायचे. घरी आल्यावर हाताला काहीतरी वजनदार लागावं असं वाटत असेल बिचाऱ्यांना, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

त्यांचा अभिमानाचा विषय म्हणजे अठरा वर्षांच्या प्रवासांत त्यांची बॅग एकदाही तेवीस किलोच्या वर गेलेली नव्हती. बावीस पॉइंट नऊ. प्रत्येक वेळी. एकदा मात्र विमानतळावरच्या काट्याने तेवीस पॉइंट चार दाखवले. कोणीही माणूस एक चपलांचा जोड काढून हातात घेईल. काकांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तुमचा काटा शेवटचा कधी तपासला? मागे रांग वाढली. शेवटी काकूंनी शांतपणे बॅग उघडली आणि वरून अर्धा किलो भाजणीचं पाकीट काढलं, जे त्यांनी घरातून निघताना काकांची पाठ वळल्यावर आत सरकवलं होतं. काका विमानात बसेपर्यंत काकूंशी बोलले नाहीत. पण काउंटरवरच्या मुलीकडे मात्र ते परत जाऊन म्हणाले, "तुमचा काटा बरोबर आहे." चुकीचा आकडा सांगणं किंवा बरोबर आकड्याला चुकीचा म्हणणं, दोन्ही त्यांच्या लेखी सारखंच पाप होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डच त्यांना येत नव्हतं. आकडे तेवढे अस्खलित यायचे. डच लोकही आपल्यासारखेच आधी तीन आणि मग वीस म्हणतात, या एका गोष्टीवरून हे लोक सुसंस्कृत आहेत असा त्यांचा निष्कर्ष होता.

तर या गृहस्थांना धनुष्य का लागावं? काका म्हणजे घरात कोळी दिसला तर त्याच्यावर पेला पालथा घालून, खालून पोस्टकार्ड सरकवून, त्याला बागेत नेऊन सोडणारा माणूस. अंडंसुद्धा न खाणारा. आणि धनुष्याने शिकार करायला या देशात बंदी आहे. म्हणजे शिकार न करणाऱ्या माणसाने, शिकार करता येत नाही अशा देशात, शिकारीचं धनुष्य घ्यायचं. याला काहीतरी सबळ कारण हवं. ते कारण म्हणजे व्याही.

काकांची लेक, जुई, नायमेखनला संशोधन करत होती आणि तिथेच एका डच मुलाबरोबर राहत होती. लग्न नव्हतं. दोघांनी नोटरीकडे जाऊन एकत्र राहण्याचा रीतसर करार केला होता, इथे करतात तसा. काकूंनी त्या सहीसाठी मुहूर्त काढला होता, सकाळी अकरा चाळीसचा. नोटरीने दुपारी दोनची वेळ दिली. काकांच्या हिशेबी मात्र नोटरीचा शिक्का बसला त्या क्षणी लग्न लागलं आणि मुलाचे वडील व्याही झाले. त्या भल्या माणसाला आपण काय झालो आहोत याची कल्पना नव्हती.

पहिल्या भेटीला मलाही नेलं होतं, कारण गाडीत मागे भांडी धरून बसायला कोणीतरी हवं होतं. बोलावणं सकाळी साडेदहाच्या कॉफीचं होतं. म्हणजे एक कप कॉफी आणि एक बिस्कीट. बिस्किटांचा डबा लगेच पुन्हा बंद होतो. काकूंनी पुरणपोळ्या, मसालेभात, आणि "त्यांना तिखट चालत नसेल तर" म्हणून वेगळी अळणी बटाट्याची भाजी केली होती. व्याही छपरं घालायच्या धंद्यातले, उंचापुरे, दाराला डोकं लागू नये म्हणून सवयीने वाकणारे. त्यांच्या बैठकीत भिंतीवर एक धनुष्य टांगलेलं होतं. दर शरद ऋतूत ते मित्रांबरोबर हंगेरीला जायचे आणि तिथे रानडुकराची शिकार करायचे.

आता माणसाने अशा वेळी "अरे वा" म्हणावं आणि पुरणपोळीकडे वळावं. काका उठून धनुष्यापाशी गेले. "किती?" त्यांनी विचारलं. व्याही म्हणाले, पन्नास पौंड. म्हणजे दोरी हनुवटीपर्यंत ओढायला लागणारा जोर. काकांच्या डोक्यात तत्क्षणी गुणाकार झाला.

"तेवीस किलो!" ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर जुना मित्र भेटल्याचा आनंद होता. "अगं, तेवीस किलो म्हणजे आपली बॅग!"

व्याह्यांनी धनुष्य भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिलं. स्वतः ओढून दाखवलं नाही. कॉफी थंड होतेय म्हणाले. काकांनी डाव्या हातात मूठ धरली, उजव्या हाताने दोरी ओढली. दोरी अर्ध्यावर आली आणि थांबली. काकाही थांबले. त्यांच्या कपाळावरची शीर मला मसालेभाताच्या पातेल्यामागून दिसत होती. मग धनुष्य थरथरायला लागलं, टोक वर छताकडे गेलं, तिथला दिवा हलला आणि काकूंनी "अहो!" म्हटलं.

"बाबा, डू नॉर्माल," जुई म्हणाली. नीट वाग, अशा अर्थाने इथे हे सगळे एकमेकांना म्हणतात. पण ती हसली नाही. ती आपल्या कॉफीच्या कपात बघत होती.

व्याह्यांनी सांभाळून घेतलं. पाठीवर हात ठेवून म्हणाले, सवय लागते, या ऑक्टोबरात आमच्याबरोबर हंगेरीला चला. असली आमंत्रणं द्यायची असतात, घ्यायची नसतात. काका म्हणाले, "येस. शुअर."

परतताना गाडीत काकूंनी विचारलं, "आणि तिथे खाणार काय तुम्ही? डुक्कर?"

"मी फक्त जाणार आहे," काका म्हणाले. "डुक्कर आलं तर तो त्यांचा विषय."

रात्री मी पाणी प्यायला खाली आले तर ते जिन्याच्या पायरीवर काटा घेऊन बसले होते. मला म्हणाले, "मुलीचा बाप आहे मी. त्यांच्यापुढे कमी पडून चालायचं नाही." मग काटा हातात फिरवत म्हणाले, "ती खाली बघत होती. पाहिलंस तू?"

मी पाहिलं होतं. पण मी म्हटलं, "कॉफी गरम असेल, काका."

पुढच्या शनिवारी आम्ही त्यांच्या व्याह्यांच्याच गावातल्या धनुर्धारी मंडळात गेलो. आमच्या या ब्राबांट प्रांतात गावोगाव अशी मंडळं आहेत. एक लांबट हॉल, एका टोकाला गवताच्या भिंती, दुसऱ्या टोकाला बिअर. तिथे नवशिक्यांना धनुष्य निवडून द्यायचं काम रीट नावाच्या एका बाईंकडे होतं. वय सत्तरीच्या पुढे, पांढरे केस आखूड कापलेले, आणि माणसाचे खांदे बघून बोलायची सवय. त्या स्वतः सव्वीस पौंडांचं धनुष्य वापरायच्या आणि हॉलमधल्या सगळ्या पुरुषांना हरवायच्या.

रीटबाईंनी काकांना खुर्चीवर बसवलं. म्हणाल्या, दोन्ही पाय जमिनीवरून उचला. आता धनुष्य सरळ समोर धरा आणि सावकाश ओढा. पूर्ण ओढून झालं की दहापर्यंत मोजा. हात थरथरला, टोक आकाशाकडे गेलं किंवा पाय खाली टेकले, तर ते धनुष्य तुमचं नाही. एवढंच आहे सगळं शास्त्र, त्या म्हणाल्या. जोर किती आहे ते महत्त्वाचं नाही. किती जोर शांतपणे धरून ठेवता येतो, ते महत्त्वाचं.

त्यांनी काकांना चोवीस पौंडांचं दिलं. काकांनी ते व्यवस्थित ओढलं, दहा मोजले, पाय वरच होते. रीटबाई म्हणाल्या, झालं, हेच. सहा महिन्यांनी दोन पौंड वाढवू.

बाहेर सायकल स्टँडपाशी काका थरथरत होते. रागाने.

"चोवीस पौंड! अकरा किलो! अगं, ही तर केबिन बॅग झाली! केबिन बॅग घेऊन मी हंगेरीला जाऊ?"

"काका, बॅगेची दोरी थोडीच ओढतो आपण? बॅग उचलताना कंबर—"

"अठरा वर्षं विमानतळावरच्या पट्ट्यावरून तेवीस किलो एका हाताने उचलतोय मी. एका हाताने! तिला काय माहीत."

आता बघा, हा माणूस दिवसभर ज्या मशिनांवर काम करायचा तिथे एक अंश चुकला तर लोकांची झोप उडते. त्याला एवढं कळू नये की बॅग कमरेने उचलतात आणि धनुष्य खांद्याच्या मागच्या दोन लहानशा स्नायूंनी ओढतात? कळत होतं. पण आपल्याकडे परदेशी येऊन स्थिरावलेल्या माणसाच्या डोक्यात तेवीस हा आकडा एकदा बसला की तो कर्तबगारीचा आकडा होतो. तेवढं नेता येतं, तेवढं आणता येतं, त्याच्या आत सगळा संसार बसवता येतो. काकांनी ऑनलाइन पन्नास पौंडांचं धनुष्य मागवलं. खोकं आल्यावर आधी खोकं तोललं.

पुढचे चार महिने त्या घरात जे चाललं त्याला सराव म्हणणं म्हणजे शब्दाचा अपमान आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी स्वयंपाकघरातली खुर्ची मध्ये यायची. काका बसायचे, पाय उचलायचे, मी मोजायला उभी. "एक" म्हणेपर्यंत धनुष्याचं टोक चिमणीकडे वळलेलं असायचं. "दोन"ला पाय खाली. एकदा तर "एक" म्हणायच्या आधीच काका खुर्चीसकट मागे गेले आणि काकूंनी फोडणी बंद करून विचारलं, "आज किती झाले?"

"पाऊण," मी म्हटलं.

ऑगस्टमध्ये त्यांचा उजवा खांदा गेला. ते सांगायचे नाहीत, पण पोहे डाव्या हाताने खायला लागले आणि सायकलवर उजवीकडे वळताना हात दाखवेनासे झाले, त्यामुळे मागचे लोक ओरडायचे. मी धरूनबांधून त्यांना हाउसआर्टकडे, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय उचललंत? काका म्हणाले, "बॅग." त्या म्हणाल्या, पॅरासिटामॉल घ्या आणि ती बॅग काही दिवस उचलू नका. खोटं बोलले असं म्हणता येणार नाही; त्यांच्या दृष्टीने ते खरंच होतं.

"काकूला सांगू नकोस," परतताना ते म्हणाले. "जुईला तर नाहीच."

काकूंना सगळं माहीत होतं. त्या रोज झोपताना तेल गरम करून जिन्याच्या कठड्यावर वाटीत ठेवायच्या आणि वर जायच्या. हंगेरीसाठी त्यांनी डिंकाचे लाडू आणि मेतकूट करायला घेतलं होतं. मला त्या दोघांचा राग यायचा. एकाने खांदा फोडून घ्यायचा, दुसरीने तेल तापवायचं, आणि तिसरीने, म्हणजे भाडेकरूने, हजर राहून आकडे मोजायचे. मी एकदा चिडून म्हटलंही, "काका, कोणासाठी चाललंय हे? जुईने मागितलंय का तुमच्याकडे धनुष्य?"

"मागितलं नाही," ते म्हणाले. "ती आता मागत नाही काही. लहानपणी शाळेत मला घेऊन जायला लाजायची, माझ्या डचमुळे. मी म्हटलं, चालेल, लहान आहे. आता मोठी झाली. आता त्यांच्या घरात राहायचंय तिला. तिथे तिचा बाप काय आहे, ते एकदा तरी नीट दिसायला नको का?"

त्यानंतर मी टोमणे मारणं थांबवलं. आठवडाभर.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मंडळाचा कुटुंबमेळा होता. शेतात तंबू, केक, मुलं, आणि गवताच्या भिंतीपुढे रबराचं रानडुक्कर. प्रत्येक पाहुण्याने डुकरावर एक बाण मारायचा, अशी पद्धत. त्यानंतर पाच आठवड्यांनी हंगेरी. जुई आणि तिचा जोडीदार नायमेखनहून आले होते. काका पन्नास पौंडांचं धनुष्य खांद्याला लावून, डाव्या खांद्याला, गाडीतून उतरले. त्या धनुष्याने त्यांनी चार महिन्यांत एकही बाण पूर्ण ओढून सोडलेला नव्हता, हे त्या शेतात फक्त मला आणि काकूंना माहीत होतं.

त्यांची पाळी यायला वेळ होता, आणि मोकळा वेळ मिळाला की काका काय करतात ते एव्हाना तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी तंबूच्या आडव्या खांबावरच्या खुंटीला आपल्या धनुष्याची मूठ अडकवली, दोरीला काट्याचा हूक लावला आणि दोन्ही हातांनी सगळं अंग टाकून खाली ओढलं. दोरीला लावलेल्या बाणावरची पूर्ण ओढीची खूण मुठीपाशी आली तसं मी "बास" म्हटलं. काटा टीं वाजला. बावीस पॉइंट सात. काकांनी तो आकडा खणखणीत डचमध्ये सांगितला.

मंडळी खूश झाली. इतकी वर्षं हे लोक धनुष्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवून होते. कोणी बॅगेच्या काट्याने तोलून बघितलं नव्हतं. रांग लागली. काका आकडा सांगायचे, लोक टाळ्या वाजवायचे, एकाचं छापील पंचेचाळीस पौंडांचं होतं ते हिशेबाने एकोणचाळीसच भरलं तेव्हा त्याला बिअर पाजावी लागली. रीटबाईंचं बरोबर सव्वीस पौंड भरलं. अठरा वर्षांत या देशात काकांच्या भोवती एवढी गर्दी मी ऐकली नव्हती, पाहिली तर नव्हतीच. जुई लांबून बघत होती आणि या वेळी तिच्या हातात कप नव्हता.

मग तिचा जोडीदार हसत हसत पुढे आला. त्याच्या हातात त्याच्या वडिलांचं धनुष्य होतं. "पा, आता तुमचं!"

व्याही केकच्या टेबलाशी होते. ते म्हणाले, राहू दे, माझं पन्नास आहे, सगळ्यांना माहीत आहे. लोक ओरडले, तोला, तोला. मुलाने धनुष्य खुंटीला लावलंसुद्धा. तेव्हा मी पहिल्यांदा ते जवळून पाहिलं. मूठ तीच, भिंतीवरची. पण दोन्ही पाती, म्हणजे मुठीला वरखाली जोडलेले वाकणारे भाग, नवी होती, आणि खालच्या पात्यावर जिथे आकडा छापलेला असतो तिथे काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

काकांनी हूक लावला आणि ओढलं. दोरी सहज खाली आली. इतकी सहज की काकांचा तोल गेला असता. मी "बास" म्हटलं. काटा टीं वाजला. आकडा माझ्या आणि त्यांच्या दोघांच्या डोळ्यांसमोर होता: बारा पॉइंट चार. सत्तावीस पौंड. केबिन बॅगेहून जराशी जड.

काकांनी मान वर केली. व्याही त्यांच्याकडेच बघत होते. त्यांचा उजवा हात डाव्या हाताने कोपरापाशी धरलेला होता, आणि तसा धरलेला हात मी महिनाभर पाहत होते, आमच्या घरी, पोह्यांच्या बशीपुढे. छपरं घालणाऱ्या माणसाचाही खांदा कधीतरी जातो, आणि त्यालाही ते गावात सांगायचं नसतं.

आणि मग आमच्या काकांनी नाटक केलं. चार महिने जो माणूस जोर लागतोय हे लपवत होता त्याने दात आवळले, गुडघे वाकवले, तोंडाने "हुंऽऽ" असा आवाज काढला, कपाळावर शीर आणली. ती कुठून आणली देव जाणे. अंगठा आकड्यांवर दाबला, काटा बंद केला आणि ओरडले, "ड्री-एन-ट्विंटख!"

तेवीस.

टाळ्या पडल्या. व्याह्यांनी खाली केककडे पाहिलं आणि उगाचच एक तुकडा कापला. ज्या माणसाने चारशे ग्रॅमसाठी विमानतळावरची रांग अडवली होती, त्याने भर तंबूत साडेदहा किलोंची थाप मारली होती. मला हसू यायला हवं होतं. पण मीही टाळ्या वाजवल्या, हे मी कबूल करते.

थोड्या वेळाने काकांचं नाव पुकारलं. ते आपलं धनुष्य घ्यायला वाकले तेवढ्यात व्याही मध्ये आले. त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं की त्यांच्या घरात पाहुणा पहिला बाण यजमानाच्या धनुष्याने मारतो. अशी काही पद्धत त्यांच्या घरात असेल तर त्यांच्या मुलाला ती तेव्हाच कळली, असं त्याच्या तोंडावरून दिसत होतं. व्याह्यांनी स्वतःचं धनुष्य काकांच्या हातात दिलं.

काका रेषेवर उभे राहिले. धनुष्य सरळ समोर. सावकाश ओढलं. टोक कुठे गेलं नाही, हात थरथरला नाही. मी सवयीने मनात मोजत होते आणि सहापर्यंत पोचले. शेजारी रीटबाई उभ्या होत्या. त्यांनी एकदा धनुष्याकडे, एकदा काकांच्या खांद्यांकडे पाहिलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, हं, आता बरोबर आहे. बाण सुटला आणि रबरी डुकराच्या शेपटीच्या बुंध्यात जाऊन रुतला.

"बाबा!" जुई ओरडली. ती धावत गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली, उजव्या खांद्यावर, सगळं वजन टाकून. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं खांद्याचं किती आणि लेकीचं किती, हे तोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. "दॅट वॉज फिफ्टी पाउंड्स, बाबा! आय फिल्म्ड इट!" मग ते बाण काढायला गेले तेव्हा डुकराच्या पाठीवरून त्यांनी हळूच हात फिरवला.

हंगेरीला कोणी गेलं नाही. व्याह्यांचा निरोप आला की या वर्षी तिकडे पाऊस फार आहे. काकांनी उलट कळवलं की आपल्यालाही ऑफिसात काम फार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही पाऊस होता. डिंकाचे लाडू मी खाल्ले. बुधवारी संध्याकाळी मात्र काका त्या गावच्या हॉलमध्ये जायला लागले, आणि दोघे व्याही रीटबाईंच्या देखरेखीखाली, बोलण्यासारखी एकही भाषा धड नसताना, दोन-दोन तास एकमेकांच्या शेजारी उभे राहायचे. मी आता नोकरी बदलून दुसऱ्या शहरात, स्लोटरडाइकला आले आहे, पण बुधवारचं अजून चालू आहे असं काकू सांगतात.

मला आठवतो तो मेळ्याहून परतीचा प्रवास. गाडी मी चालवत होते, कारण काकांना गिअर बदलवत नव्हता. मागून काकूंनी विचारलं, "अहो, त्यांचं खरंच तेवीस भरलं?"

"हो."

"अगदी तेवीस?"

"हिला विचार. हिच्या डोळ्यांसमोर होतं."

आरशात काकू माझ्याकडे बघत होत्या. शेजारी काका समोरच्या रस्त्याकडे बघत होते, आणि काटा त्यांच्या मांडीवर होता.

"तेवीसच, काकू," मी म्हटलं.

काकूंनी हं केलं आणि डोळे मिटले. घराच्या वळणावर काकांनी काटा उचलला, खालीवर करून पाहिला आणि खिशात टाकला.

"बॅटरी बदलायला हवी याची," ते म्हणाले. "उतरलेली दिसतेय."

त्या दिवशी महिन्याची तीन तारीख होती.